दिवा, वाफ आणि मक्याचा स्टार्च

१९०० साली खानदेशात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरच्या दिशेनं सरकत होती. आणि १८९९ चा पाऊस दगा देऊन गेल्यामुळे गावंच्या गावं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, पूर्व-पश्चिम वाटणी व्हायला अजून सहा वर्षं होती. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीच्या एईजी कंपनीचा मंडप शेकडो नव्या दिव्यांनी उजळला होता. त्या दिव्यांत कोळशाची तार नव्हती आणि हवा काढून घेतलेला काचेचा फुगाही नव्हता. होती ती भट्टीत भाजून काढलेली एक बारीक पांढरी कांडी. उघड्या हवेत ती डोळे दिपवणारा प्रकाश देत होती.

दिवा म्हणून ती कांडी दहा-पंधरा वर्षंच चालली. पण ज्या पदार्थाची ती होती, तो पदार्थ आज दोंडाईच्यातल्या बहुतेक नव्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरला बसवलेला आहे, मंगळावर जाऊन पोचला आहे, आणि पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन काढण्याच्या सगळ्यात काटकसरी रीतीचा तो गाभा आहे. या पदार्थाची गोष्ट दोंडाईच्यात बसून सांगावीशी वाटते, कारण तिच्या ऐन मध्यावर आपल्याकडे पोत्यांनी निघणारी एक वस्तू येते: मक्याचा स्टार्च. यूनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही १९७३ साली स्थापन झालेली कंपनी आपल्या गावात मक्यापासून स्टार्च काढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या पांढऱ्या भुकटीचा विजेशी काय संबंध, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

कांडी बनवणारा माणूस वाल्टर नेर्न्स्ट, गॉटिंगेन विद्यापीठातला प्राध्यापक, तेव्हा पस्तिशीचा. एडिसनच्या दिव्यातली कोळशाची तार हवेत जळून जाई, म्हणून तिला निर्वात काचेत कोंडावं लागे. नेर्न्स्टनं सरळ विचार केला, की आधीच पूर्ण जळून झालेला पदार्थ घेतला तर त्याला हवेची भीती कसली? असा पदार्थ म्हणजे धातूचं ऑक्साइड. पण ऑक्साइडं सहसा वीज नेत नाहीत. नेर्न्स्टला १८९७ च्या सुमारास आढळलं, की एकटं ऑक्साइड तापवलं तरी फारशी दाद देत नाही. दोन ऑक्साइडं मिसळली आणि तापवली, की मिश्रण कित्येक पट जास्त वीज नेऊ लागतं. झिर्कोनियात, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडात, सुमारे पंधरा टक्के इट्रिया, म्हणजे इट्रियमचं ऑक्साइड, घातला तेव्हा सगळ्यात चांगला दिवा पेटला. अडचण एकच होती. थंड कांडी वीज घेतच नसे, तिला आधी तापवावं लागे. सुरुवातीला लोक बटण दाबून मग काडीनं किंवा स्पिरिटच्या ज्योतीनं कांडी गरम करत. नंतर प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं बसवलं गेलं, तरी उजेड पडायला अर्धं मिनिट लागायचं.

एईजीनं या शोधाचे दहा लाख मार्क मोजले. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं हक्क घेतले आणि १९०१ साली पिट्सबर्गला नेर्न्स्ट लॅम्प कंपनी उभी राहिली. वेस्टिंगहाउस हे नाव लक्षात ठेवायला हवं, ते पुन्हा येणार आहे. पुढे टंगस्टनची तार आली, बटण दाबताच पेटणारा दिवा आला, आणि नेर्न्स्टची कांडी बाजारातून गेली.

नेर्न्स्टला दिव्यापेक्षा एक प्रश्न जास्त छळत होता. या कांडीतून एकाच दिशेची वीज तासन् तास सोडली तरी ती बिघडत का नाही? धातूत वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात, त्यामुळे तारेचं काही झिजत नाही. पण या कांडीत वीज वाहणारे ऑक्सिजनचे आयन असतील, तर ऑक्सिजन एका टोकाकडे निघून जायला हवा आणि दुसऱ्या टोकाला उघडा धातू साचायला हवा. तसं होत नव्हतं. १८९९ साली नेर्न्स्टनं तर्क मांडला, की ऑक्सिजन एका टोकाला बाहेर पडतो खरा, पण दुसऱ्या टोकाला तितकाच हवेतून आत घेतला जातो. म्हणजे ती कांडी हवा ओढत होती आणि सोडत होती. भट्टीत भाजलेल्या, हाताला दगडासारख्या लागणाऱ्या घन पदार्थातून ऑक्सिजन चालत जातो, ही त्या काळी पचायला जड गोष्ट होती. फॅरेडेनं १८३० च्या दशकात तापवलेल्या लेड फ्लोराइडसारख्या घन पदार्थांतून वीज जाताना पाहिली होती, पण ती नोंद विचित्र अपवाद म्हणूनच पडून राहिली होती.

आता इथे फ्युएल सेलचा धागा येऊन मिळतो. कोळसा जाळायचा, त्यावर पाणी उकळायचं, वाफेनं चाक फिरवायचं आणि चाकानं वीज करायची, या लांबच्या वाटेत बहुतेक उष्णता वाया जाते. इंधन आणि ऑक्सिजन यांची गाठ ज्योतीत घालण्याऐवजी मधल्या पडद्याआडून घातली, तर वीज थेट मिळते, हे विल्यम ग्रोव्हनं १८३९ साली दाखवलं होतं. १८९४ साली विल्हेल्म ओस्टवाल्डनं भर सभेत सांगितलं, की उद्याची शहरं अशा विजेवर चालतील आणि धूर नाहीसा होईल. अडलं होतं ते पडद्यापाशी. आम्ल, क्षार, वितळलेली लवणं, सगळं करून झालं. झुरिचच्या एमिल बाउरनं यात उमेदीची कित्येक वर्षं घातली. वितळलेली लवणं भांडं खात, इलेक्ट्रोड खात, गळत. अखेर उतारवयात, १९३७ साली, बाउर आणि हान्स प्राइस यांनी नेर्न्स्टच्या कांडीचाच पदार्थ घेतला, त्याच्या नळ्या केल्या, हजार अंशांवर तापवल्या आणि त्यातून वीज काढली. सिरॅमिक पडद्याची ती पहिली फ्युएल सेल. वीज अगदीच किरकोळ होती, कारण पडदा जाड होता आणि त्याचा अडथळा मोठा. पण ती न गळणारी होती. बाउर १९४४ साली गेले. पुढचं काही पाहायला ते राहिले नाहीत.

सिरॅमिकमधून ऑक्सिजन चालतो कसा, याचं उत्तर आलं १९४३ साली, महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, कार्ल वाग्नर यांच्या एका छोट्या लेखातून. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा क्षण हाच आहे. दिवा पेटला तो नव्हे आणि मंगळावर यंत्र चाललं तोही नव्हे.

वाग्नर यांचं म्हणणं हिशेबानं मांडता येतं. झिर्कोनियमचा अणू चार हातांचा, त्याला दोन ऑक्सिजन लागतात. इट्रियमचा अणू तीन हातांचा, त्याला दीडच. झिर्कोनियमच्या रांगेत दोन जागी इट्रियम बसवले, की चार ऑक्सिजनच्या जागी तीनच पुरतात आणि एक जागा रिकामी राहते. नेहमीच्या मिश्रणात ऑक्सिजनच्या शंभर जागांपैकी जेमतेम चार अशा ओस असतात. मिरचीच्या गोण्यांनी गच्च भरलेल्या गोदामात एकही गोणी हलवता येत नाही. एक खाच मोकळी असली की शेजारची गोणी तिथे सरकते, तिची जागा मोकळी होते, आणि बघता बघता अख्खी रांग सरकवता येते. ऑक्सिजनही तसाच रिकाम्या जागांवरून उड्या मारत पलीकडे जातो. तापमान वाढलं की उड्या वाढतात, म्हणून थंड कांडी वीज घेत नव्हती. इट्रियम स्वतः काहीच वाहून नेत नाही. तो फक्त उणीव निर्माण करतो, आणि पदार्थाचं सारं सामर्थ्य त्या उणिवेत असतं.

हे कळल्यावर पदार्थ हातात आला. कुठल्या धातूच्या ऐवजी कुठला घातला तर किती जागा ओस पडतील, याचा हिशेब आधी मांडता येऊ लागला. कॅल्शियम, इट्रियम, स्कँडियम, पुढे सिरियाच्या (सिरियमच्या ऑक्साइडाच्या) रांगेत गॅडोलिनियम, १९९४ साली जपानच्या इशिहारांचं लॅन्थनम गॅलेट: ही सगळी शोधयात्रा वाग्नर यांच्या त्या हिशेबाच्या बोटाला धरून झाली. व्यवहारात पहिलं चीज झालं ते मोटारींत. दोन बाजूंना ऑक्सिजन कमीजास्त असला की झिर्कोनियाच्या पडद्यावर विजेचा दाब तयार होतो. तो मोजला की धुरात ऑक्सिजन किती हे कळतं. १९७६ साली बॉशचा असा सेन्सर व्होल्वोच्या मोटारींत बसला. भारतात बीएस-६ नियम आले आणि दुचाक्यांनाही तो लागला. आपल्याकडच्या गॅरेजात पोरं ज्याला ‘ओटू सेन्सर’ म्हणतात, ते हेच.

आता वेस्टिंगहाउस. ज्या नावानं एके काळी नेर्न्स्टचे दिवे अमेरिकेत विकले गेले, त्याच नावाच्या कंपनीत साठ वर्षांनी वाइसबार्ट आणि रुका यांनी झिर्कोनियाची फ्युएल सेल नव्यानं हाती घेतली. १९६२ साली त्यांनी ती व्यवस्थित मोजून प्रसिद्ध केली. अवकाशयुग होतं, पैसा होता, त्यामुळे इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते. असं यंत्र गावच्या वीजघरात कोण बसवणार? स्वस्त धातू म्हणजे निकेल. पण निकेल त्या उष्णतेत आकसतो, गोळा होतो आणि सिरॅमिकवरून पोपडा सुटावा तसा सुटतो. जनरल इलेक्ट्रिकच्या स्पासिल यांनी १९६० च्या दशकात निकेल आणि झिर्कोनिया यांची भुकटी एकत्र भाजली. झिर्कोनियाचा सांगाडा निकेलला गोळा होऊ देत नाही आणि निकेल वीज नेतो. आजतागायत बहुतेक सेलींची इंधनाकडची बाजू याच मिश्रणाची असते.

वेस्टिंगहाउसनं मग दीड मीटर लांब सिरॅमिक नळ्यांची वाट धरली. भारतात शिकून अमेरिकेत गेलेले सुभाष सिंघल यांनी तिथे हे काम वर्षानुवर्षं सांभाळलं. नेदरलँड्समधल्या वेस्टरफोर्टला १०० किलोवॉटचं यंत्र हजारो तास चाललं. नळ्या टिकाऊ होत्या, तक्रार फक्त किमतीची होती: पडद्याचा थर वायूतून जमवायची रीत भलतीच महाग आणि संथ. पुढे कंपनी सीमेन्सकडे गेली आणि काही वर्षांनी नळ्यांचं काम थांबलं.

दरम्यान युटा विद्यापीठात, सॉल्ट लेक सिटीला, मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेले अनिल विरकर वेगळ्या बाजूनं विचार करत होते. आत्तापर्यंत पडदा जाड असे, कारण सेलीचा भार तोच पेलत असे. विरकर आणि इतर काही जणांनी भार निकेल-झिर्कोनियाच्या इलेक्ट्रोडवर टाकला. इलेक्ट्रोड पाऊण मिलिमीटर जाड केला आणि त्यावर पडदा घातला फक्त दहा मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. १९९९ साली त्यांच्या गटानं सिंघल यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ८०० अंशांवर दर चौरस सेंटिमीटरला १.८ वॉट वीज नोंदली आहे. बाउर-प्राइसच्या नळीपासून इथपर्यंत ६२ वर्षं लागली.

पण त्या निबंधाचा गाभा आकड्यात नाही. पडदा पातळ झाला, अडथळा गेला, तेव्हा दुसरीच अडचण उघडी पडली. जाड इलेक्ट्रोडमधून हायड्रोजन आत पोचायचा आणि तयार झालेली वाफ बाहेर यायची, ती वाट अरुंद असेल तर सेलीचा श्वास कोंडतो. विरकर यांच्या गटानं ही कोंडी मोजून दाखवली. अणूंच्या पातळीवर वाग्नरनी जी गोष्ट सांगितली, तीच आता भिंगातून दिसेल अशा पातळीवर समोर आली: रिकाम्या जागा हव्यात, आणि त्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात.

छिद्रं कशी करायची? इथे मक्याचा स्टार्च येतो.

सिरॅमिक भाजताना कण एकमेकांना चिकटून सगळी पोकळी बुजवून टाकतात. कुंभारकामात तेच हवं असतं. पोकळी राखायची तर आधी ती कशानं तरी अडवून ठेवावी लागते, अशा कशानं, जे मागून निघून जाईल आणि राख ठेवणार नाही. प्रयोगशाळांनी ग्राफाइट वापरलं, प्लास्टिकचे मणी वापरले आणि स्टार्च वापरला. स्टार्चचे कण निसर्गानंच मापात घडवलेले असतात. तांदळाचा कण पाचेक मायक्रॉनचा, मक्याचा सरासरी पंधराच्या आसपास, बटाट्याचा चाळीस-पन्नासचा. हवं तसं छिद्र, तसं धान्य. शिवाय तो स्वस्त, पाण्यात मिसळणारा आणि जळून पूर्ण जाणारा.

काम असं चालतं. निकेल ऑक्साइडची हिरवी भुकटी, झिर्कोनियाची पांढरी भुकटी आणि स्टार्च एकत्र घोटतात, त्याची चकती दाबून काढतात किंवा पातळ पापुद्रा ओततात. मग भट्टी. तीनशे ते पाचशे अंशांचा टप्पा सगळ्यात नाजूक असतो: तापमान मिनिटाला एखाद्या अंशानंच चढवायचं, कारण स्टार्च घाईनं जळाला तर त्याचा वायू चकतीला फोडून बाहेर पडतो. स्टार्च गेला की चौदाशे अंशांपर्यंत नेऊन भाजायचं. बाहेर येते ती हिरवट, टणक चकती. शेवटी तापलेल्या चकतीवरून हायड्रोजन सोडला, की निकेल ऑक्साइडातला ऑक्सिजन निघून जातो, हिरवा रंग राखाडी होतो, आणि ऑक्साइडापेक्षा धातू कमी जागा घेत असल्यामुळे आणखी पोकळी तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली मोठी गोल छिद्रं दिसतात ती मक्याच्या कणांची, आणि त्यांच्यामधली बारीक भेगांसारखी असतात ती निकेलनं सोडलेली.

स्टार्च किती घालायचा, यालाही शास्त्र आहे. थोडा घातला तर छिद्रं सुटी सुटी राहतात, वायूला वाट मिळत नाही. एका मर्यादेपलीकडे कण एकमेकांना टेकतात आणि एकदम सगळी छिद्रं जोडली जातात. कॅनडात स्टीफन कॉर्बिन आणि पी. एस. आपटे यांनी १९९९ च्या निबंधात जळून जाणाऱ्या कणांच्या अशाच जोडणीचा अभ्यास मांडला. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनचे लिकफेल्ट आणि पोर्तुगालचे फेरेरा यांनी स्टार्चचा दुसरा गुण वापरला. सिरॅमिकच्या पातळ काल्यात स्टार्च घालून साच्यात ओतायचा आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचा. स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि काला साच्यातच घट्ट धरतो. कपड्यांना खळ करणाऱ्या प्रत्येक घरानं हे पाहिलेलं आहे. सिरॅमिकला आकार देणारा आणि नंतर जळून त्यात वाटा सोडणारा, अशी दोन्ही कामं तोच करतो.

स्टार्चइतकीच आपल्या ओळखीची दुसरी वस्तू या इतिहासात आहे, युरिया. या सेलींना लागणारी भुकटी फार बारीक आणि एकजीव असावी लागते. ऑक्साइडं नुसती कुटून, भाजून, पुन्हा कुटून ती मिळत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि किंग्जली यांनी १९८८ साली एक विलक्षण सोपी रीत प्रसिद्ध केली. अॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया थोड्या पाण्यात विरघळवून ताटली ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायची. मिश्रण उकळतं, फेसाळतं आणि अचानक पेट घेतं. आतली आग सोळाशे अंशांच्या घरात जाते, आणि पाचेक मिनिटांत ताटलीत फुगलेला, हलका, पांढरा फेस उरतो: अॅल्युमिनाची बारीक भुकटी. बाहेरची भट्टी पाचशेचीच. बाकीची उष्णता रसायनं स्वतः पुरवतात. अमेरिकेत पुढे युरियाच्या जागी ग्लायसिन घालून हीच रीत फ्युएल सेलच्या लॅन्थनम क्रोमाइटसाठी वापरली गेली, आणि आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांत सेलींच्या भुकट्या ज्वलनानं बनतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या पद्धतीवर भरपूर काम झालं. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात के. सिंग आणि एस. एस. भोगा यांनी घन आयनवाहकांची एक परंपराच उभी केली. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेनं सपाट सेलींचे संच बांधले. पुण्यात एचटूई पॉवर सिस्टिम्सनं ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर हे तंत्र आणायचं ठरवलं. मोठ्या साधनांच्या मानानं ही कामं लहान वाटतील, पण पदार्थ समजून घेणारी माणसं त्यांतूनच तयार झाली.

आतापर्यंत सेल वीज देत होती. तिला उलट चालवलं, म्हणजे वीज देऊन वाफ सोडली, की वाफेतला ऑक्सिजन पडद्यातून पलीकडे ओढला जातो आणि अलीकडे हायड्रोजन उरतो. स्पासिल आणि टेडमन यांनी १९६९ साली हे करून दाखवलं. याचा फायदा साध्या हिशेबात आहे. पाण्याचे तुकडे करायला लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेतून देता येतो. पाणी आधीच वाफ होऊन आलेलं असेल तर विजेचा खर्च आणखी उतरतो. साध्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनला पन्नास युनिटांहून जास्त वीज लागते. वाफेच्या सिरॅमिक सेलींत ती चाळीसच्या आसपास येते.

१९७० च्या दशकात तेल भडकलं तेव्हा जर्मनीत डॉर्निअर कंपनीनं ‘हॉट एली’ नावानं हा प्रकल्प जोरात चालवला. निकाल उत्तम होते. मग तेल उतरलं आणि १९९० च्या सुमारास काम गुंडाळलं गेलं. शास्त्रज्ञांच्या हाती असलेली, चालणारी गोष्ट तेलाच्या भावासाठी कपाटात ठेवली गेली, हे वाचताना आजही जीव तुटतो. दहा-बारा वर्षांनी अमेरिकेच्या आयडाहो प्रयोगशाळेनं सॉल्ट लेक सिटीच्या सिरामाटेक कंपनीच्या सेली घेऊन ती वाट पुन्हा धरली, तेव्हा बरंच काही नव्यानं शिकावं लागलं. जपानच्या इवाहारांनी १९८१ सालीच दुसरी दिशा दाखवली होती: स्ट्रॉन्शियम सिरेटसारख्या सिरॅमिकच्या रिकाम्या जागा वाफेला आत घेतात आणि मग ऑक्सिजनऐवजी प्रोटॉन चालू लागतात, तेही कमी तापमानावर. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच वाफेपासून हायड्रोजन असा उल्लेख होता. त्या दिशेनं खरी गर्दी झाली ती तीस वर्षांनी.

सगळ्यांना कळेल असा पुरावा मिळाला तो पृथ्वीबाहेर. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हिअरन्स बग्गी मंगळावर उतरली. तिच्या पोटात मॉक्सी नावाची पेटी होती आणि पेटीत स्कँडियम घातलेल्या झिर्कोनियाच्या दहा सेली. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. २० एप्रिलला सेली ८०० अंशांवर तापल्या आणि त्यांनी त्या हवेतून ५.४ ग्रॅम ऑक्सिजन गाळून काढला. २०२३ पर्यंत सोळा वेळा यंत्र चाललं आणि १२२ ग्रॅम ऑक्सिजन जमला. नेर्न्स्टची कांडी एका टोकानं जे सोडत होती, तेच हे. मंगळासाठीच्या अशाच संशोधनातून बाहेर पडून के. आर. श्रीधर यांनी २००१ साली यंत्राची दिशा उलटवली आणि वीज विकणारी ब्लूम एनर्जी उभी केली.

अडचण अजून संपलेली नाही, आणि ती पुन्हा पोकळीचीच आहे. सेल उलट चालवली, की ऑक्सिजन पडदा आणि इलेक्ट्रोड यांच्या सांध्यापाशी तयार होतो. त्याला तिथून निघायला वाट मिळाली नाही तर दाब साचतो आणि इलेक्ट्रोडचा थर सुटून येतो. २०१० साली विरकर यांनी या सुटण्याचं गणित मांडलं: पडद्याच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही अशा ठिकाणी ऑक्सिजनचा दाब इतका वाढू शकतो, की सिरॅमिक तडकतं. सेली काही हजार तासांऐवजी काही वर्षं कशा टिकवायच्या, यावर जगभर चाललेलं काम बहुतांशी याच सांध्यावर आहे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं ८,५६२ कोटींचं धोरण आणलं. हरित हायड्रोजनला लागणारी वीज धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे, आणि दोंडाईचा सौर पार्कचं नाव केंद्राच्या यादीत आहे. त्या यादीबरोबर विखरणच्या धर्मा पाटलांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचा रास्त मोबदला मागत हा ८४ वर्षांचा शेतकरी मंत्रालयात खेटे घालत राहिला, शेवटी तिथेच त्यानं विष घेतलं, आणि २८ जानेवारी २०१८ ला त्याचं निधन झालं. सौरऊर्जेचा आपल्याकडचा इतिहास लिहिताना हे पान गाळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पाण्याचा हिशेबही मांडायला हवा. एक किलो हायड्रोजनला रसायनाच्या नियमानं नऊ लिटर पाणी लागतं, तेही शुद्ध केलेलं. शुद्ध करताना जाणारं पाणी वेगळं. शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हा आकडा लहान वाटणार नाही. जागा ठरवताना तापीच्या बॅरेजचं पाणी, शेतीचा हक्क आणि कारखान्याचं वापरून सोडलेलं पाणी या तिन्हींचा ताळेबंद आधी व्हायला हवा.

आणि वाफ. जर्मनीत साल्झगिटरच्या पोलाद कारखान्यात २०२० च्या सुमारास सनफायर कंपनीच्या ७२० किलोवॉटच्या सिरॅमिक सेली बसवल्या गेल्या. तिथे पोलाद करताना वाया जाणारी उष्णता वाफ बनवत असे, ती वाफ सेलींत जाई आणि निघालेला हायड्रोजन त्याच कारखान्यात वापरला जाई. मक्यापासून स्टार्च काढायलाही वाफ लागते: भिजवलेला मका दळून, चाळून, धुऊन मिळालेलं दूध वाळवायचं काम बॉयलरच्या जिवावर चालतं, आणि वाळवून झाल्यावर उरलेली उष्णता हवेत जाते. ती किती अंशांची असते, दिवसाचे किती तास मिळते आणि तिच्यावर किती किलो पाण्याची वाफ होऊ शकते, हे मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. धुळे-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या एखाद्या वर्गाला हा एका वर्षाचा प्रकल्प आहे.